शून्य नोंदींचा अर्थ : उपग्रहांवरील किरणोत्सर्ग-मापनाचा इतिहास

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रत्येक कृत्रिम उपग्रहाला वेगवान विद्युत्भारित कणांचा मारा आयुष्यभर सोसावा लागतो, आणि हा मारा किती आहे हे मोजण्याचे काम उपग्रहयुगाच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाले. या कामाचा इतिहास सहसा एका शोधाच्या रूपाने सांगितला जातो : १९५८ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन यांच्या उपकरणाने पृथ्वीला वेढणारे किरणोत्सर्गाचे पट्टे शोधून काढले, एवढे म्हटले की तो संपतो. प्रत्यक्षात ज्या नोंदीमुळे हे पट्टे सापडले ती शून्याची नोंद होती. उपकरणाने काहीच मोजले नाही, आणि त्या 'काहीच नाही'चा अर्थ लावताना शास्त्रज्ञांना आकाशाइतकेच आपल्या उपकरणालाही तपासावे लागले. पुढील सहा दशकांत या शाखेत जी प्रगती झाली तिच्या मुळाशी हाच धडा आहे की, कक्षेतून आलेला आकडा आणि कक्षेतील वस्तुस्थिती यांच्यामध्ये नेहमी एक यंत्र उभे असते, आणि त्या यंत्राच्या मर्यादा ठाऊक असल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

'किरणोत्सर्ग' हा शब्द मराठीत प्रामुख्याने युरेनियम, रेडियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या संदर्भात रूढ झाला असला, तरी येथे त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. अवकाशात सूर्याकडून, दूरच्या ताऱ्यांच्या प्रदेशांतून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या साठ्यांतून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि जड अणूंची केंद्रके प्रचंड वेगाने वाहत असतात. ती एखाद्या पदार्थातून जातात तेव्हा त्या पदार्थाच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून काढतात. या क्रियेला आयनीकरण म्हणतात. मापनाची जवळजवळ सर्व साधने या ना त्या प्रकारे आयनीकरणावरच आधारलेली आहेत, आणि उपग्रहातील इलेक्ट्रॉनिक घटकांची हानीही बव्हंशी त्यातूनच होते.

भूमीपासून वर

उपग्रहांवरील पहिली उपकरणे विश्वकिरण मोजण्यासाठी, म्हणजे पृथ्वीबाहेरून वातावरणात शिरणारे अतिवेगवान कण मोजण्यासाठी तयार झाली होती, त्यामुळे या इतिहासाची सुरुवात बलूनच्या उड्डाणांपासून करावी लागते. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस यांनी ७ ऑगस्ट १९१२ रोजी विद्युत्दर्शक घेऊन सुमारे ५,३०० मीटर उंची गाठली. विद्युत्दर्शकात साठवलेला विद्युत्भार हवेच्या आयनीकरणामुळे हळूहळू गळून जातो, आणि तो किती वेगाने गळतो यावरून आयनीकरणाचे प्रमाण कळते. किरणोत्सर्गाचा उगम केवळ जमिनीत असता, तर उंचीबरोबर हे प्रमाण घटत गेले असते. ते उलट वाढले, आणि त्यावरून किरणांचा उगम वर आहे हे सिद्ध झाले. या शोधासाठी हेस यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विश्वकिरण वातावरणात शिरल्यावर त्यांपासून कणांचे वर्षाव कसे निर्माण होतात, याचे सैद्धान्तिक स्पष्टीकरण होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली दिले. पुढे भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बलूनद्वारे विश्वकिरण मोजण्याची परंपरा मुंबईत उभी राहिली, तिचा संबंध या इतिहासाशी पुढे येणार आहे.

चुंबकीय क्षेत्रात विद्युत्भारित कण कसे वागतात याचे गणित त्याआधीच सुरू झाले होते. नॉर्वेचे कार्ल स्टर्मर यांनी ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करताना विसाव्या शतकाच्या प्रारंभी असे दाखवले होते की, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात काही कणमार्ग बंदिस्त असू शकतात, म्हणजे त्या मार्गांवरील कण बाहेर पडू शकत नाही आणि बाहेरचा कण तेथे सहज पोहोचूही शकत नाही. असे मार्ग प्रत्यक्षात कणांनी भरलेले असतील, ही शक्यता मात्र पन्नास वर्षे बहुतेकांच्या विचारात आली नाही, कारण ज्या पिंजऱ्यात बाहेरून शिरता येत नाही त्यात कण येणार कोठून, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

व्हॅन ॲलन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ अग्निबाणांवर गणक चढवून उंचीवरील मोजमापाला सुरुवात केली. आयोवा विद्यापीठात आल्यानंतर त्यांनी १९५२ पासून कमी खर्चाची एक युक्ती वापरली, ती अशी की, लहान अग्निबाण बलूनला टांगून वातावरणाच्या दाट थरांपलीकडे न्यायचा आणि तेथून तो डागायचा. अशा उड्डाणांतून त्यांना ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशात विश्वकिरणांव्यतिरिक्त आणखी एक 'मृदू', म्हणजे सहज शोषला जाणारा किरणोत्सर्ग आढळला. तो कोठून येतो हे पाहण्यासाठी काही मिनिटांचे उड्डाण पुरेसे नव्हते, दिवसेंदिवस वर राहणारे वाहन हवे होते. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा कालखंड 'आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष' म्हणून पाळला जाणार होता आणि त्यात उपग्रह सोडण्याची घोषणा अमेरिका व सोव्हिएत संघ या दोघांनीही केली होती. या वर्षाची मूळ कल्पनाही व्हॅन ॲलन यांच्या मेरीलँडमधील घरी ५ एप्रिल १९५० रोजी जमलेल्या शास्त्रज्ञांच्या चर्चेतून निघाली होती.

गणक आणि त्याचे मौन

व्हॅन ॲलन यांनी उपग्रहासाठी निवडलेले साधन म्हणजे गायगर-म्यूलर गणक. धातूच्या नळीत कमी दाबाचा वायू भरलेला असतो, मध्यभागी एक तार असते आणि तार व नळी यांच्यात शेकडो व्होल्टचा दाब असतो. एखादा कण नळीतून गेला की वायूचे थोडे आयनीकरण होते, सुटलेले इलेक्ट्रॉन तारेकडे धावताना आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि क्षणार्धात विजेचा एक ठोका मिळतो. रचना साधी, वजन थोडे आणि विजेची गरज अल्प, या गुणांमुळे ते उपग्रहाला सोयीचे होते, परंतु त्याच्या दोन मर्यादा होत्या. कण आला एवढेच ते सांगते, कोणता आला आणि किती ऊर्जेचा आला हे सांगत नाही. शिवाय प्रत्येक ठोक्यानंतर नळीला पूर्ववत होण्यास सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्या काळात आलेला कण मोजलाच जात नाही. सेकंदाला तीस-चाळीस विश्वकिरण अपेक्षित असताना ही दुसरी मर्यादा कोणाला अडचणीची वाटण्याचे कारण नव्हते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ कक्षेत गेला तेव्हा व्हॅन ॲलन अंटार्क्टिकाकडे निघालेल्या 'ग्लेशियर' या जहाजावर अग्निबाणांचे प्रयोग करीत होते. अमेरिकेचा अधिकृत व्हॅनगार्ड अग्निबाण ६ डिसेंबर १९५७ रोजी प्रक्षेपणमंचावरच कोसळला आणि संधी वेर्नर फॉन ब्राउन यांच्या ज्युपिटर-सी अग्निबाणाकडे गेली. आयोवाचे उपकरण दोन्ही अग्निबाणांना चालेल अशा आकाराचे ठेवण्याची दूरदृष्टी व्हॅन ॲलन यांनी आधीच दाखवली होती. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज लडविग यांनी बांधलेले हे उपकरण कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेने उपग्रहात बसवले. ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री केप कॅनाव्हरल येथून निघालेला, सुमारे १४ किलोग्रॅम वजनाचा एक्सप्लोरर-१ अपेक्षेपेक्षा अधिक लांबट कक्षेत पोहोचला. पृथ्वीपासून त्याचे सर्वांत जवळचे अंतर सुमारे ३६० किलोमीटर, तर सर्वांत दूरचे सुमारे २,५५० किलोमीटर होते. अग्निबाणाच्या कामगिरीतील या अनपेक्षित भराने पुढील शोधाला मोठा हातभार लावला.

लडविग यांनी नोंदी साठवण्यासाठी एक चिमुकला टेप रेकॉर्डरही तयार केला होता, परंतु घाईच्या या पहिल्या उड्डाणात तो बसवता आला नाही. परिणामी उपग्रह एखाद्या भूस्थानकाच्या टप्प्यात येई तेवढ्या काही मिनिटांचीच माहिती हाती पडे. हे तुकडे एकत्र ठेवले असता विचित्र चित्र दिसू लागले. उपग्रह पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवर असताना सेकंदाला सुमारे ३० ठोके ही अपेक्षित संख्या मिळे, तर दक्षिण अमेरिकेवरून दोन हजार किलोमीटरहून अधिक उंचीने जाताना तीच संख्या शून्य असे. विश्वकिरण इतक्या उंचीवर नाहीसे होणे भौतिकशास्त्राला धरून नव्हते. उपकरण अधूनमधून बिघडते असे म्हणावे, तर खाली आल्यावर ते पुन्हा नीट चालत होते.

टेप रेकॉर्डर असलेला एक्सप्लोरर-२ हा ५ मार्च रोजी कक्षेत पोहोचू शकला नाही, मात्र २६ मार्च १९५८ रोजी निघालेल्या एक्सप्लोरर-३ ने पूर्ण प्रदक्षिणेची अखंड नोंद प्रथमच दिली. उपग्रह सुमारे दोन तासांची माहिती फितीवर साठवी आणि जमिनीवरून आज्ञा मिळताच ती काही सेकंदांत भडाभडा पाठवून देई. सॅन डिएगो येथील स्थानकाने घेतलेली अशी एक नोंद व्हॅन ॲलन यांना वॉशिंग्टनमध्ये मिळाली, आणि दुकानातून विकत आणलेला आलेखकागद व पट्टी घेऊन त्यांनी हॉटेलच्या खोलीत रात्री ती कागदावर उतरवली. आलेख सेकंदाला पंधरा-वीस ठोक्यांपासून सुरू होत होता, मग झपाट्याने चढून १२८ या साठवण-यंत्रणेच्या कमाल मर्यादेला टेकत होता, तेथून एकदम शून्यावर येऊन सुमारे पंधरा मिनिटे शून्यावरच राहत होता, आणि नंतर उलट क्रमाने पूर्वपदावर येत होता. शून्याच्या दोन्ही बाजूंना कमाल संख्या असणे ही गोष्ट निर्णायक ठरली, कारण बिघडलेले यंत्र असे सममित वागत नाही.

आयोवात त्यांचे सहकारी कार्ल मॅकइलवेन यांनी त्याच जातीच्या नळीवर क्ष-किरणांचा वाढता मारा करून पाहिला. मारा ठरावीक प्रमाणाबाहेर गेला, म्हणजे खरी संख्या सेकंदाला सुमारे ३५,००० च्या पुढे गेली, की नळीला सावरायला फुरसतच मिळत नाही. तिचे ठोके इतके क्षीण होतात की पुढचे विद्युत्मंडल त्यांची दखल घेत नाही आणि मोजणी शून्यावर येते. कक्षेतील शून्याचा अर्थ कण नाहीत असा नसून यंत्र गुदमरावे इतके कण आहेत असा होता. अवकाश किरणोत्सर्गी आहे, असे आश्चर्याचे उद्गार व्हॅन ॲलन यांचे सहकारी अर्नेस्ट रे यांनी याच दिवसांत काढले. १ मे १९५८ रोजी वॉशिंग्टन येथे राष्ट्रीय विज्ञान अकादमीत व्हॅन ॲलन यांनी हा निष्कर्ष जाहीर केला. किरणोत्सर्गाची तीव्रता विश्वकिरणांच्या किमान हजार पट असावी, असे तेव्हा सांगण्यात आले.

या जाहीर निष्कर्षातही गणकाची पहिली मर्यादा आडवी आलीच. कणांची ओळख सांगता न येणाऱ्या उपकरणावरून व्हॅन ॲलन यांनी ते कण ध्रुवीय प्रदेशात आढळलेल्या मृदू किरणोत्सर्गाशी नाते असलेले इलेक्ट्रॉन असावेत असा तर्क केला. पुढच्या वर्षी फ्रीडेन आणि व्हाइट या संशोधकांनी अग्निबाणातून छायाचित्रण-लेपाच्या पट्ट्या पाठवून त्या परत मिळवल्या. अशा लेपात कणाच्या मार्गाची रेष उमटते आणि तिच्या जाडीवरून कणाची जात ओळखता येते. पृथ्वीजवळच्या, म्हणजे आतल्या पट्ट्यात आत शिरून हानी करणारा मुख्य घटक उच्च ऊर्जेचे प्रोटॉन आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

मॉस्कोची बाजू

हा शोध सोव्हिएत संशोधकांच्या हातून थोडक्यात निसटला होता. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी लायका या कुत्रीला घेऊन गेलेल्या स्पुटनिक-२ वर मॉस्को विद्यापीठाचे सर्गेई व्हेर्नोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन गायगर गणक होते, म्हणजे कक्षेतील किरणोत्सर्ग मोजण्याचा पहिला मान त्यांचाच. मात्र उपग्रहाची माहिती फक्त सोव्हिएत भूमीवरील स्थानकेच घेत होती आणि तेथून जाताना तो कक्षेच्या खालच्या भागात असे. पट्ट्याचा दाट भाग तो दक्षिण गोलार्धावर, उंचावरून जाताना ओलांडत होता. ७ नोव्हेंबरला उत्तरेकडील अक्षांशांवर मोजणी अचानक वाढलेली दिसली तेव्हा तिचे कारण सूर्याकडून आलेले कण असावेत असे मानले गेले. सुमारे आठवड्याभरात उपग्रहाचे विद्युत्घट संपले आणि अधिक नोंदी घेऊन खातरजमा करण्याची संधी गेली. मोजमाप ज्या जागी होते त्या जागेइतकेच ते खरे असते, हा धडा येथे मिळाला.

१५ मे १९५८ रोजी सोडलेल्या, सुमारे १,३२७ किलोग्रॅम वजनाच्या स्पुटनिक-३ वर व्हेर्नोव आणि अलेक्झांडर चुदाकोव यांनी वेगळ्या जातीचे साधन ठेवले. त्याला प्रस्फुरण-गणक म्हणतात. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात कण शिरला की प्रकाशाची सूक्ष्म चमक निघते आणि प्रकाशसंवेदी नळी तिचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करते. चमक जितकी मोठी तितकी कणाने सोडलेली ऊर्जा अधिक, त्यामुळे हे साधन केवळ शिरगणती करीत नाही, तर ऊर्जेचा हिशोबही देते. उपग्रहावरील टेप रेकॉर्डर निकामी झाला होता, तरीही या उपकरणाच्या नोंदी अखंड चालणाऱ्या एका स्वतंत्र प्रक्षेपकावरून येत राहिल्या. त्यांतून उच्च अक्षांशांवर इलेक्ट्रॉनांचे प्राबल्य असलेला दुसरा, बाहेरचा पट्टा दिसू लागला. डिसेंबर १९५८ मध्ये चंद्रापर्यंत न पोहोचता सुमारे १,०२,००० किलोमीटरवरून परतलेल्या अमेरिकी पायोनियर-३ यानाने जाता-येता दोन्ही पट्टे ओलांडले आणि त्यांची रचना निश्चित झाली.

स्टर्मर यांच्या पिंजऱ्यात कण कसे शिरतात, या जुन्या प्रश्नालाही याच काळात उत्तर मिळाले. अमेरिकेत फ्रेड सिंगर आणि रशियात व्हेर्नोव यांनी स्वतंत्रपणे असे सुचवले की, विश्वकिरण वातावरणातील अणुकेंद्रकांवर आदळले की काही न्यूट्रॉन वरच्या दिशेने उसळतात. न्यूट्रॉनला विद्युत्भार नसल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही, परंतु सरासरी पाव तासात त्याचे विघटन होऊन प्रोटॉन व इलेक्ट्रॉन तयार होतात. विघटन पिंजऱ्याच्या आत झाले तर नवा कण तेथेच अडकतो. असा कण चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेत उत्तर-दक्षिण हेलकावतो आणि त्याच वेळी पृथ्वीभोवती सरकत राहतो, प्रोटॉन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. पृथ्वीच्या चुंबकाचे केंद्र भूकेंद्राशी जुळत नसल्याने दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलवर आतला पट्टा काही शे किलोमीटरपर्यंत खाली येतो. खालच्या कक्षेतील उपग्रहांना मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचा मोठा वाटा आजही याच प्रदेशात पदरी पडतो.

मनुष्यनिर्मित पट्टा

निसर्गाचा पिंजरा सापडताच त्यात माणसाने कण भरून पाहिले. लिव्हरमोर प्रयोगशाळेतील निकोलस क्रिस्टोफिलोस यांच्या कल्पनेनुसार ऑगस्ट-सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेने दक्षिण अटलांटिकवर अत्यंत गुप्तपणे तीन लहान अणुस्फोट घडवले. 'आर्गस' या सांकेतिक नावाच्या या प्रयोगातील इलेक्ट्रॉनांचे पातळ कवच मोजण्यासाठी २६ जुलै रोजी सोडलेला एक्सप्लोरर-४ तयार होता. त्यावर गायगर नळ्यांबरोबर प्रस्फुरण-गणक होते आणि एका नळीला शिशाचे आवरण दिले होते. आवरण असलेल्या आणि नसलेल्या नळ्यांच्या नोंदींतील फरकावरून कणांची भेदकता कळत असे. मे महिन्यात जाहीर झालेली उपकरणाची मर्यादा जुलैमध्ये रचनेत सुधारून घेतलेली होती.

आर्गसचे स्फोट किरकोळ होते, पण ९ जुलै १९६२ रोजी प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर झालेला 'स्टारफिश प्राइम' हा १.४ मेगाटनचा स्फोट तसा नव्हता. सुमारे १,४०० किलोमीटरवरील हवाईमध्ये रस्त्यांवरचे काही दिवे त्याने विझले, आणि कक्षेत उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा एक कृत्रिम पट्टा निर्माण झाला. आयोवाचा इंजन-१ हा उपग्रह तेव्हा कक्षेत होता व त्याने या पट्ट्याच्या पहिल्या नोंदी दिल्या. दुसऱ्याच दिवशी, १० जुलैला, अटलांटिक महासागरापलीकडे दूरचित्रवाणीचे चित्र पोहोचवणारा टेलस्टार-१ या भरलेल्या प्रदेशात जाऊन पडला. ट्रान्झिट-४बी आणि ट्राक हे अमेरिकी उपग्रह काही आठवड्यांत बंद पडले आणि ब्रिटनच्या एरियल-१ च्या सौरघटांची वीज घटली. या पट्ट्यातील इलेक्ट्रॉन पुढे काही वर्षे टिकून राहिले.

टेलस्टारची कथा मापनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण बेल प्रयोगशाळेने त्याची रचना करताना संदेशवहनाबरोबर हानीचे मापनही हेतुपूर्वक त्यात घातले होते. त्यावर प्रोटॉन व इलेक्ट्रॉन मोजणारे अर्धवाहक शोधक होते, आणि शिवाय किरणोत्सर्गाने गुणधर्म किती बदलतात हे पाहण्यासाठी खास ठेवलेले ट्रान्झिस्टर व सौरघट होते. त्याचे वीज देणारे सौरघट हानीला अधिक टिकणाऱ्या जातीचे असून त्यांवर कृत्रिम नीलमण्याची झाकणे होती. तरीही नोव्हेंबर १९६२ मध्ये उपग्रह आज्ञा स्वीकारीनासा झाला. अभियंत्यांनी तसेच ट्रान्झिस्टर जमिनीवर किरणोत्सर्गात ठेवून पाहिले तेव्हा दोष आज्ञा उलगडणाऱ्या मंडलात असल्याचे कळले. ट्रान्झिस्टरच्या डबीतील वायूचे आयनीकरण होऊन त्याच्या पृष्ठभागावर विद्युत्भार साचत होता आणि विद्युत्दाब काढून घेतला की तो ओसरत होता. वेगळ्या घडणीचे संदेश पाठवून, मंडलाला विश्रांती मिळेल अशी युक्ती करून जानेवारी १९६३ मध्ये उपग्रह पुन्हा चालू करण्यात आला. २१ फेब्रुवारीला तो कायमचा थांबला. मे १९६३ मध्ये सोडलेल्या टेलस्टार-२ च्या एका आज्ञा-मंडलात वायू काढून टाकलेल्या डब्यांचे ट्रान्झिस्टर बसवले होते. त्याच वर्षी ५ ऑगस्टला अंशतः अणुचाचणीबंदीचा करार झाला आणि अवकाशातील स्फोटांना त्याने मनाई केली.

मोजणीकडून मात्रेकडे

टेलस्टारने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. एक्सप्लोररला कण किती आहेत हे विचारले होते, तर आता उपग्रहाच्या पोटात, धातूच्या भिंतीआड बसलेल्या घटकाने आयुष्यभरात किती ऊर्जा शोषली हे विचारावे लागले. या शोषलेल्या ऊर्जेला मात्रा म्हणतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली तर ती मात्रा एक ग्रे होते आणि ग्रेचा शंभरावा भाग म्हणजे जुन्या पद्धतीतील एक रॅड. कणांची मोजणी हा पावसाचा जोर मानला, तर मात्रा म्हणजे हंगामभरात शेतात मुरलेले पाणी, आणि पीक या दुसऱ्या आकड्यावर ठरते.

मात्रेचा आधीच अंदाज घेता यावा म्हणून स्टारफिशनंतर जेम्स व्हेट यांच्या पुढाकाराने अनेक उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून पट्ट्यांचे गणिती नमुने रचले गेले. प्रोटॉनांसाठी १९७६ चा 'एपी-८' आणि इलेक्ट्रॉनांसाठी पुढे आलेला 'एई-८' हे नमुने अभियंत्यांनी दीर्घकाळ वापरले. कक्षा आणि भिंतीची जाडी दिली की अपेक्षित मात्रा काढता येई. परंतु हे नमुने दीर्घकाळाची सरासरी सांगत होते, त्यामुळे प्रत्यक्ष कक्षेत मात्रा मोजण्याची गरज संपली नाही.

त्यासाठी लागणारे साधन हानीतूनच मिळाले. १९६४ मध्ये अमेरिकी नौदल संशोधन प्रयोगशाळेतील ह्यूज आणि जिरू यांनी दाखवून दिले की, नव्याने आलेले मॉस ट्रान्झिस्टर किरणोत्सर्गाला फार हळवे आहेत. या ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉनच्या ऑक्साइडचा विद्युत्रोधक थर असतो. किरणोत्सर्गाने थरात सुटलेले इलेक्ट्रॉन निघून जातात, पण त्यांच्या मागे राहिलेला धन विद्युत्भार तेथे अडकतो आणि ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी लागणारा विद्युत्दाब सरकतो. पुढील दशकात अँड्र्यू होम्स-सीडल यांनी या दोषाचाच उपयोग करून मात्रामापक बनवला. जाड ऑक्साइडचा असा ट्रान्झिस्टर, ज्याला रॅडफेट हे नाव मिळाले, वीज नसतानाही मात्रा साठवत राहतो आणि मधूनमधून विद्युत्दाब पाहिला की एकूण आकडा मिळतो. गायगर नळीने मार जास्त झाल्यावर मौन धरले होते, येथे मार खाल्ल्याची खूण हेच मोजमाप झाले.

याच काळात आणखी एक प्रकार ध्यानात आला. १९७५ मध्ये बाइंडर, स्मिथ आणि होलमन यांनी उपग्रहांतील काही अनाकलनीय बिघाडांचे कारण एकेका जड विश्वकिरण-कणाने स्मृतिमंडलाची स्थिती उलटवणे हे असल्याचे मांडले. एका कणाने झालेली हानी एकूण मात्रेच्या हिशोबात दिसत नाही, म्हणून अशा जड कणांची ओळख पटवणारी साधनेही लागू लागली. त्यांपैकी एक म्हणजे सीआर-३९ हे प्लास्टिक. जड कण त्यातून गेला की मार्गावर रेणूंची मोडतोड होते आणि अल्कली द्रावणात बुडवल्यावर तेथे सूक्ष्म खड्डा उमटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखालील 'अनुराधा' या भारतीय प्रयोगात याच प्लास्टिकचे थर २९ एप्रिल ते ६ मे १९८५ या काळात चॅलेंजर अवकाशयानातील स्पेसलॅब-३ मधून पृथ्वीभोवती फिरले. थरांचा एक भाग दुसऱ्याच्या संदर्भात ठरावीक गतीने सरकत असल्याने खड्ड्यांच्या जागांवरून कण येण्याची वेळही काढता आली, आणि त्यावरून, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कोणत्या कणांना आत येऊ देते या गणिताच्या आधारे, कणांवरील विद्युत्भाराचा अंदाज घेता आला. मुंबईतील बलून-परंपरा अशा रीतीने कक्षेपर्यंत पोहोचली.

२५ जुलै १९९० रोजी सोडलेल्या क्रेस या अमेरिकी उपग्रहाने सर्व धागे एकत्र आणले, कारण त्यावर कण-शोधक, मात्रामापक आणि इलेक्ट्रॉनिक घटकांचे नमुने शेजारी शेजारी होते. २४ मार्च १९९१ रोजी सूर्याकडून आलेल्या एका आघाताने काही मिनिटांतच पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेजवळ नवा पट्टा तयार झालेला त्याने पाहिला. सरासरीवर उभे असलेले नमुने अशा घटनेबद्दल काही सांगू शकत नव्हते. भारतातही या मापनाची गरज ओळखली गेली होती : ८ मे २००३ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेल्या जीसॅट-२ या संदेशवहन उपग्रहावर एकूण मात्रा नोंदवणारे उपकरण होते, आणि २००८ मध्ये चांद्रयान-१ वरील बल्गेरियाच्या रॅडॉम मापकाने पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षांत असतानाच पट्ट्यांतून जाताना मात्रा मोजली.

३० ऑगस्ट २०१२ रोजी सोडलेली जुळी याने पुढे 'व्हॅन ॲलन प्रोब्ज' या नावाने ओळखली गेली. त्यांनी सुरुवातीच्याच आठवड्यांत काही काळ टिकलेला तिसरा पट्टा दाखवला, आणि वेगवेगळ्या जाडीच्या आवरणांखाली ठेवलेल्या रॅडफेटांनी प्रत्येक जाडीआडची मात्रा स्वतंत्रपणे नोंदवली. त्यांचा सर्वांत बोलका निष्कर्ष मात्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आतल्या पट्ट्यात उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आहेत असे कित्येक दशकांच्या नोंदी सांगत आल्या होत्या. इलेक्ट्रॉनांना चुंबकाने वळवून वेगळे काढणाऱ्या, आणि भेदक प्रोटॉनांमुळे उठणारे खोटे ठोके वजा करू शकणाऱ्या नव्या उपकरणाला त्या कालखंडात सुमारे नऊ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर तेथे मोजता येण्याजोगे इलेक्ट्रॉन आढळलेच नाहीत. जुन्या नोंदींतील बराच भाग भिंत भेदून आलेल्या प्रोटॉनांचा असावा, असा त्याचा अर्थ होता. १९५८ मध्ये याच प्रदेशात उपकरणाने शून्य दाखवले होते आणि तेथे कणांची दाटी होती. सत्तावन्न वर्षांनी आकडा दाखवणाऱ्या जागी शून्य निघाले. दोन्ही वेळी दुरुस्ती आकाशात झाली नाही, ती उपकरणाची परीक्षा घेणाऱ्यांनी केली.